बेडकांस विजार घालणारा पंडित : लाझारो स्पालांझानी

आषाढांतला जोराचा पाऊस पडून गेला म्हणजे गांवाबाहेरच्या डबक्यांतून रात्रभर बेडकांचा जो कोलाहल उठतो, तो आमच्या वाचकांपैकीं कोणीं ऐकला नसेल? सकाळीं त्याच डबक्याकडे जाऊन पाहावें, तों पाण्यावर साबुदाण्याच्या खिरीसारखा बुळबुळीत थर दिसतो व त्यांत मोहरीएवढे काळे ठिपके असतात. थोड्याच दिवसांत त्या ठिपक्यांचीं शेपटीवालीं पिल्लें होऊन पाण्यांत वळवळूं लागतात. हें आपण लहानपणापासून पाहत आलों, आणि पाहत आलों म्हणूनच त्याविषयीं कोणास कांहीं विचारण्याचें आपणांस सुचलें नाहीं. त्या ठिपक्यांत जीव कोठून येतो? एकट्या मादीपासून येतो, कीं नराचाहि त्यांत कांहीं वांटा आहे? असल्यास तो वांटा कोणता? ज्या इटालियन गृहस्थानें हे प्रश्न पंडितांच्या सभेंत न सोडवितां बेडकांनाच साक्षीस बोलावून सोडविण्याचा यत्न केला, त्याचें चरित्र यंदाच्या अंकांत विद्यार्थिमित्रांपुढें ठेवावें असें आम्हीं योजिलें आहे. विषय जन्माचा असल्यामुळें कित्येक पालकांस प्रथम थोडा संकोच वाटेल. परंतु ज्याचें हें चरित्र तो स्वतः धर्मगुरु होता. त्यानें या विषयाकडे ज्या गंभीरपणें पाहिलें त्याच गंभीरपणें आपणहि पाहूं, म्हणजे झालें.

लाझारो स्पालांझानी याचा जन्म इ. स. १७२९ च्या जानेवारी महिन्यांत उत्तर इटलींतील स्कांदियानो नांवाच्या लहानशा गांवीं झाला. हा मुलूख तेव्हां मोदेनाच्या ड्यूकच्या अमलाखालीं होता. बाप वकील, तेव्हां मुलानेंहि वकीलच व्हावें हें घरांत ठरल्यासारखेंच होतें. पंधराव्या वर्षाच्या सुमारास तो रेज्जो येथील जेझुइट पाद्र्यांच्या विद्यालयांत दाखल झाला व तेथें त्याचा ग्रीक, लॅटिन आणि तत्त्वज्ञान यांचा पाया पक्का झाला. तेथून कायद्याच्या अभ्यासासाठीं तो बोलोन्याच्या विद्यापीठांत गेला. त्या विद्यापीठांत त्याच्याच नात्यांतील लॉरा बास्सी नांवाची एक विदुषी पदार्थविज्ञान शिकवीत असे. सबंध यूरोपांत विद्यापीठांत शिकविणारी बाई शोधूं गेल्यास सांपडणें कठिण, अशा काळांत या बाईनें १७३२ सालींच पदवी संपादन केली होती. तिच्या सहवासांत या तरुणाचें मन कायद्याच्या कलमांवरून उडालें व सृष्टीच्या नियमांकडे वळलें. बापास हें कसें सांगावें ही अडचण होती. शेवटीं पादुआ येथील प्राध्यापक व्हाल्लिस्नेरी यानें मध्यस्थी करून वकीलसाहेबांची समजूत घातली, आणि जगांत एक वकील कमी झाला.

पुढें त्यानें धर्मगुरूची दीक्षा घेतली. यूरोपांत तो आबे स्पालांझानी याच नांवानें ओळखला जाऊं लागला. रेज्जो येथें त्यानें अध्यापनास आरंभ केला, १७६३ त तो मोदेना येथें गेला, आणि १७६९ त मारिया थेरेसा राणीच्या सरकारनें त्यास पाव्हिया विद्यापीठांत सृष्टिविज्ञानाचा प्राध्यापक नेमिलें. कारण लोंबार्दी प्रांत तेव्हां ऑस्ट्रियाच्या ताब्यांत होता. मरेपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षें, ती जागा त्याच्याकडेच होती. मोदेना येथें असतांना १७६५ त त्यानें प्रसिद्ध केलेला एक निबंध फार गाजला. मांसाचा रस्सा उकळून ठेविला तरी त्यांत सूक्ष्म जंतु आपोआप उत्पन्न होतात, असें नीडहॅम नांवाच्या दुसऱ्या एका धर्मगुरूचें म्हणणें होतें. स्पालांझानीनें कांचेच्या कुप्यांचीं तोंडें आंचेवर वितळवून बंद केलीं, त्या कुप्या तासभर उकळत्या पाण्यांत ठेविल्या, आणि जंतु दिसेनासे झाले. हा वाद पुढें पाश्चरच्या काळापर्यंत चालला. आम्हांस येथें त्यांत शिरावयाचें नाहीं. या माणसाची रीत मात्र वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. ज्या वाटेनें चूक आंत शिरण्याचा संभव असेल ती वाट अगोदर बंद करावयाची, आणि मग प्रयोगास हात घालावयाचा. पुढील सर्व कथा या रीतीची आहे. आणि एक वाट त्याच्या हातून उघडी कशी राहिली, याचीहि आहे.

त्या काळीं जन्माच्या प्रश्नावर विद्वानांचे दोन तट पडले होते. इंग्लंडांतील हार्व्ही यानें १६५१ त असें प्रतिपादन केलें होतें कीं सर्व प्राण्यांचा उगम अंड्यांत आहे. पुढें १६७७ त हॉलंडमधील डेल्फ्ट शहरच्या लेव्हेनहुक नांवाच्या कापडव्यापाऱ्यानें, स्वतः घांसलेल्या भिंगांतून पाहतांना, नराच्या शुक्रद्रवांत पोहणारे असंख्य शेपटीवाले जीव पाहिले. यांसच आपण आज शुक्रजंतु म्हणतों. झालें! एका तटानें म्हणावें, संपूर्ण प्राणी सूक्ष्म रूपानें या जंतूंतच घडी घालून ठेविलेला असतो, आई केवळ जमीन. दुसऱ्यानें म्हणावें, नाहीं, तो अंड्यांतच तयार असतो. त्या अंड्यांतल्या प्राण्याच्या पोटीं पुन्हा अंडें, त्यांत पुन्हा प्राणी, अशी डबींत डबी सृष्टीच्या आरंभापासून रचलेली आहे. आणि ते वळवळणारे जंतु म्हणजे पोटांतल्या कृमींसारखेच फुकटे पाहुणे. आपल्याकडील जुन्या धर्मशास्त्रांतहि बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र श्रेष्ठ असा वाद आढळतो, तेव्हां या यूरोपीय पंडितांस हंसण्याचें आपणांस कारण नाहीं. जिनिव्हा येथील बोने नांवाचा विद्वान दुसऱ्या तटाचा मोठा पुरस्कर्ता होता. सूक्ष्मदर्शकाच्या अतिश्रमानें त्याची दृष्टि अधू झाली होती, व तो आपलें उरलेलें काम विचारानें आणि पत्रांनीं करीत असे. स्पालांझानीची त्यावर नितांत श्रद्धा होती; दोघांचा पत्रव्यवहार वर्षानुवर्षें चालला. बोनेचें मत हेंच त्याचें मत झालें. प्रयोगास बसण्यापूर्वींच तो एका तटांत सामील झाला होता, ही गोष्ट पुढें उपयोगी पडेल.

आतां बेडकांकडे वळूं. लिनीअससारख्या थोर शास्त्रज्ञानेंहि असें ठरवून टाकिलें होतें कीं अंड्याचें फलन आईच्या शरीराबाहेर कधींच होत नाहीं. स्पालांझानीनें बेडकीच्या पोटांतून काढलेलीं अंडीं पाण्यांत ठेवून पाहिलीं. तीं कुजून गेलीं. बेडकीनें नराच्या मिठींत असतांना पाण्यांत घातलेलीं अंडीं मात्र वाढलीं. म्हणजे अंडें बाहेर पडल्यावर त्यास नराकडून कांहीं तरी मिळत असलें पाहिजे. परंतु काय मिळतें? नर मादीच्या पाठीस घट्ट मिठी मारून बसतो, त्या मिठीनेंच काम होतें, कीं त्याच्या शरीरांतून कांहीं द्रव्य बाहेर येतें? फ्रान्समधील रेओम्यूर यानें पूर्वीं नर बेडकांस विजारी घालून हें पाहण्याचा यत्न केला होता, पण त्याच्या हातीं कांहीं लागलें नव्हतें. स्पालांझानीनें ती युक्ति पुन्हा उचलली. मेण लाविलेल्या पातळ रेशमी कापडाच्या इवल्या विजारी करवून त्यानें त्या नरांच्या अंगावर घट्ट बसविल्या आणि त्यांस माद्यांबरोबर पाण्यांत सोडिलें. चाळीशी उलटलेला, विद्यापीठाचा प्रतिष्ठित प्राध्यापक, आणि बेडकाच्या मांड्या विजारींत कोंबीत बसला आहे, हें चित्र डोळ्यांपुढें आणून ज्यास हंसूं येईल त्यानें खुशाल हंसावें, आम्हीहि हंसलों. पण बेडकांस या पोशाखाचें कांहींच वाटलें नाहीं. त्यांनीं नेहमींप्रमाणें मिठ्या मारल्या, माद्यांनीं नेहमींप्रमाणें अंडीं घातलीं, आणि त्या अंड्यांतून एकहि पिल्लूं निघालें नाहीं.

येथें कोणीहि थांबला असता. स्पालांझानी थांबला नाहीं. कारण विजारीच्या त्रासानेंच बेडकाचें कांहीं बिघडलें असेल, अशी शंका कोणी तरी काढीलच, हें तो जाणून होता. त्यानें विजारी उतरविल्या, त्यांच्या आंतील बाजूस लागलेले थेंब गोळा केले, व मादीच्या पोटांतून नुकत्याच काढलेल्या अंड्यांस ते लाविले. तीं अंडीं वाढलीं, त्यांतून पिल्लें बाहेर आलीं व पोहूं लागलीं. मिठीचा प्रश्न निकालांत निघाला, आणि लिनीअसचेंहि म्हणणें खोटें ठरलें. पुढें त्यानें सुईच्या टोंकावर मावेल इतका द्रव घेऊन पाहिला, पुष्कळशा पाण्यांत मिसळून पातळ करून पाहिला. तरीहि गुण येई. त्याच्या जागीं रक्त, शिर्का, लिंबाचा रस असे नाना पदार्थ लावून पाहिले. एकानेंहि काम केलें नाहीं.

तितक्यांत दुसरा एक पक्ष पुढें आला. द्रव्याचा स्पर्श कशास हवा, असें त्या पक्षाचें म्हणणें होतें; फुलाच्या सुवासाप्रमाणें नराच्या द्रवांतून एक सूक्ष्म वाफ निघते व तीच अंड्यास जागें करते. हें मत फार जुनें व प्रतिष्ठित होतें. स्पालांझानीनें घड्याळाच्या दोन कांचा घेतल्या. खालच्या कांचेंत द्रव ठेविला, वरच्या लहान कांचेच्या आंतील बाजूस अंडीं त्यांच्याच चिकट लाळेनें चिकटवून ती उपडी घातली. अंडीं व द्रव यांमध्यें थोडेंसेंच अंतर राहिलें. कांहीं तासांनीं वाफेनें अंडीं ओलसर झालीं. तरी तीं वाढलीं नाहींत. मग खालच्या कांचेंत जो द्रव उरला होता तोच घेऊन त्यानें तो दुसऱ्या अंड्यांस लाविला, आणि तीं मात्र वाढलीं. द्रव नासला होता असें म्हणण्यास कोणास जागाच उरली नाहीं. शेंकडों वर्षांचें एक मत घड्याळाच्या दोन कांचांनीं पुसलें गेलें! आमच्या विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेच्या वहींत हा प्रयोग उतरून घ्यावा, इतका तो निर्दोष आहे.

आणि आतां तो प्रयोग, ज्यासाठीं आम्हीं हें चरित्र निवडलें. द्रवाच्या कोणत्या भागांत ही शक्ति आहे, हें पाहावें म्हणून स्पालांझानीनें पाण्यांत मिसळलेला द्रव गाळण्यास आरंभ केला. कापसांतून गाळला, तेव्हां त्याची शक्ति थोडी कमी झाली. चिंध्यांतून गाळला, तेव्हां आणखी कमी झाली. मग टीपकागद घेतले. कागदांची संख्या जसजशी वाढविली तसतशी खालीं उतरणाऱ्या पाण्याची शक्ति घटत गेली, आणि शेवटीं जें निवळ पाणी उतरलें त्यांत टाकिलेल्या अंड्यांपैकीं एकहि वाढलें नाहीं. दुसरा एखादा ते ओले कागद फेंकून देता. यानें ते स्वच्छ पाण्यांत पिळून काढिले, आणि त्या पाण्याचा स्पर्श होतांच अंडीं फळलीं.

वाचकहो, क्षणभर थांबून विचार करा. पाण्यांत विरघळलेलें जें असेल तें कागदांतून खालीं जाईल. कागदावर राहील तें घन, आकार असलेलें. शुक्रजंतूंखेरीज त्या द्रवांत असें दुसरें काय होतें? उत्तर कागदावर पडलेलें होतें. तें पाहण्यास सूक्ष्मदर्शक टेबलावर होता. आणि जगांतील सर्वांत सावध हात व डोळे तेथें हजर होते. तरी स्पालांझानीनें असा निष्कर्ष काढिला कीं शुक्रद्रव गाळणींत अडकून राहतो, म्हणून पाण्याची शक्ति जाते. जंतूंचा या कार्याशीं कांहीं संबंध नाहीं. असें कां झालें? एक कारण असें कीं त्यास भेकांच्या कांहीं द्रवांत जंतु मुळींच दिसले नव्हते, व तरीहि त्या द्रवानें अंडीं फळलीं होतीं. ते जंतु तेथें असलेच पाहिजेत हें आज आपणांस ठाऊक आहे. त्याच्या भिंगास ते सांपडले नाहींत. पण खरें कारण आम्हांस निराळें वाटतें. अंड्यांतच पिल्लूं तयार असतें हें त्यानें बोनेकडून अगोदरच स्वीकारलें होतें. फळलेलें अंडें व न फळलेलें अंडें हीं भिंगाखालीं सारखींच दिसतात, हें पाहून तो न फळलेल्या अंड्यासहि पिल्लूंच म्हणूं लागला होता. पिल्लूं जर तयारच आहे, तर नराच्या द्रवाचें काम त्याच्या हृदयास चालना देण्यापुरतें. तेथें जंतूंची गरज काय? चुकीची प्रत्येक बाहेरची वाट त्यानें मेणकापडानें व कांचेनें बंद केली होती. ही आंतली होती.

याच सुमारास त्यानें आणखी दोन गोष्टी केल्या; त्या सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं. १७७६ त त्यानें शुक्रजंतु बर्फाच्या थंडीनें निश्चेष्ट झालेले पाहिले. दुसरी गोष्ट कुत्रीची. स्पॅनियल जातीची एक कुत्री त्यानें कोणताहि कुत्रा जवळ येऊं नये अशा बंदोबस्तानें कोंडून ठेविली, व योग्य काळ येतांच कुत्र्याचा द्रव पिचकारीनें तिच्या गर्भाशयांत सोडिला. बासष्टाव्या दिवशीं तिला तीन पिल्लें झालीं, तीं आईच्या व त्या कुत्र्याच्या वळणावर गेलेलीं होतीं. आतां पिल्लें जर आईच्या अंड्यांत सृष्टीच्या आरंभापासून तयार होतीं, तर बापाचें वळण त्यांत कोठून आलें? हा प्रश्न त्याच्या मतास अडचणीचा होता खरा, पण त्यानें तो तसाच राहूं दिला. हे प्रयोग १७८० च्या सुमारास त्याच्या ग्रंथांतून प्रसिद्ध झाले व सर्व यूरोपभर वाचले गेले. गाळलेल्या पाण्याची व पिळलेल्या कागदांची हकीकत त्यानें त्यांत जशी घडली तशीच लिहिली. आपल्या मतास गैरसोईची म्हणून एक अक्षरहि झांकलें नाहीं.

उरलेल्या आयुष्याची हकीकत थोडक्यांत सांगतों. अन्नपचनाचा शोध लावण्यासाठीं यानें कापडाच्या लहान पिशव्यांत व लांकडी नळ्यांत अन्न भरून तें स्वतः गिळलें होतें. व्हेसुव्हिअस आणि एटना येथील ज्वालामुखी त्यानें जवळ जाऊन पाहिले. १७८५ त तो कॉन्स्टँटिनोपलच्या प्रवासास गेला असतां, विद्यापीठाच्या संग्रहालयांतील वस्तु त्यानें स्कांदियानोच्या आपल्या घरीं लांबविल्या, असा आरोप त्याच्या मागें सहकाऱ्यांनीं केला. चौकशी होऊन तो निर्दोष ठरला. पण त्यानें तें प्रकरण मनांतून जाऊं दिलें नाहीं. आरोप करणाऱ्यांपैकीं स्कोपोली नांवाच्या वृद्ध विद्वानाकडे पक्ष्याच्या गळ्यांतील अवयवांचा बनविलेला एक खोटा कृमि गेला, त्या भल्या माणसानें नवी जात म्हणून त्याचें वर्णन छापलें, आणि मग त्याची जाहीर फजिती करण्यांत आली. यामागें स्पालांझानीच होता असें चरित्रकार मानतात. आम्हांस हें धर्मगुरूस शोभणारें वाटत नाहीं, विद्वानासहि नाहीं. घरच्या संग्रहाची व्यवस्था त्याची बहीण मारियान्ना पाहत असे, व तिचें या विषयांतील ज्ञानहि चांगलें होतें.

१७९३ त, म्हणजे चौसष्टाव्या वर्षीं, त्यानें वटवाघुळांवर प्रयोग केले. डोळे गेलेलीं वटवाघुळें अंधाऱ्या खोलींत टांगलेल्या दोऱ्या चुकवून बिनधोक उडतात, पण कान बंद केले तर आपटतात, असें त्यास व जिनिव्हा येथील ज्यूरीन यास आढळलें. कानानें पाहणें म्हणजे काय, याचा उलगडा त्यास होईना. तो १९३८ त अमेरिकेंत झाला, जेव्हां मनुष्यास ऐकूं न येणारा वटवाघुळाचा आवाज यंत्रानें टिपतां आला. येथेंहि त्यानें पाहिलें तें लिहून ठेविलें, इतकेंच. आणि या वेळीं त्यावर आपलें मत चढविलें नाहीं. म्हातारपणीं तो अधिक शहाणा झाला होता, असें आम्हांस वाटतें. १७९९ च्या फेब्रुवारींत पाव्हिया येथें त्यास मृत्यु आला.

त्याच्या टीपकागदांचें पुढें काय झालें? पंचवीस वर्षांनीं, १८२४ त, जिनिव्हा येथें प्रेव्हो व द्यूमा या दोन तरुणांनीं गाळण्याचा तोच प्रयोग पुन्हा केला. त्यांच्या डोक्यांत बोनेचें मत नव्हतें. गाळलेल्या पाण्यांत जंतु नाहींत व शक्तिहि नाहीं, कागदावर जंतु आहेत व शक्तिहि आहे, इतकें सरळ पाहून त्यांनीं शुक्रजंतु हेच फलनाचे कर्ते असें ठरविलें. तरी जंतु अंड्यास नुसता शिवतो कीं आंत शिरतो, हें कोणीं पाहिलें नव्हतें. तें १८७५ च्या सुमारास भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर ओस्कार हर्टविग या जर्मन शास्त्रज्ञानें पाहिलें. समुद्रांतील साळिंदरासारख्या कांटेरी प्राण्याचें अंडें कांचेसारखें स्वच्छ असतें. त्यांत शुक्रजंतूपासून आलेलें एक केंद्रक व अंड्याचें दुसरें केंद्रक एकमेकांकडे सरकून एक होतांना त्यास दिसलें. पिल्लूं अंड्यांत तयार नव्हतें आणि जंतूंतहि तयार नव्हतें. दोन्ही तट चुकले होते.

आज या भेटीची हकीकत आपणांस बरीच बारकाईनें ठाऊक आहे. मनुष्याचें अंडें मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढें. शुक्रजंतूची लांबी त्याच्या निम्मी, आणि तीहि बहुतेक शेपटीचीच. निघतात ते कोट्यवधि, अंड्याच्या आसपास पोंचतात ते फार तर कांहीं शें. अंड्याभोंवतीं एक पारदर्शक आवरण असतें, व जंतूच्या डोक्यावर टोपीसारखी एक सूक्ष्म पिशवी असते. ती फुटून तींतील रसांच्या साह्यानें व शेपटीच्या जोरानें जंतु त्या आवरणांतून वाट काढतो. मग अंड्याच्या पृष्ठभागाशीं त्याची गांठ पडते. तेथें जंतूच्या अंगावरील एक प्रथिन अंड्यावरील दुसऱ्या प्रथिनास किल्ली कुलुपांत बसावी तसें धरतें. पहिलें २००५ त जपानांत सांपडलें. विवाहासाठीं प्रसिद्ध असलेल्या तेथील एका देवस्थानावरून त्यास इझुमो हें नांव दिलें. दुसरें २०१४ त इंग्लंडांत सांपडलें. त्यास विवाहाची रोमन देवता जुनो हिचें नांव मिळालें. दोघांच्या त्वचा विरघळून एक होतात, व जंतूचें केंद्रक आंत जातें. एक आंत गेला कीं दार लागतें. उंदरांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं अर्ध्यापाऊण तासांत अंडें आपल्या अंगावरील जुनो टाकून देतें, आणि भोंवतालचें आवरणहि कठिण होतें. मागून येणाऱ्यांस धरावयास कांहीं उरत नाहीं. बापाकडून तेवीस व आईकडून तेवीस अशीं सेहेचाळीस रंगसूत्रें घेऊन नव्या जीवाचा संसार सुरू होतो. त्या स्पॅनियलच्या पिल्लांत बापाचें वळण कोठून आलें होतें, हेंहि यावरून कळेल.

बर्फांत निश्चेष्ट झालेल्या त्या जंतूंपासून निघालेली वाट आपल्या दारापर्यंत आली आहे. पुण्याजवळच्या उरुळी कांचन येथें १९६७ त मणिभाई देसाई यांनीं स्थापिलेल्या संस्थेनें गोठविलेल्या बीजानें गाईंची पैदास सुधारण्याचें काम हातीं घेतलें, व तें आपल्या शेंकडों खेड्यांतील गोठ्यांपर्यंत पोंचलें. शरीराबाहेर कांचेच्या भांड्यांत अंडें फळविण्याचें जें काम स्पालांझानीनें बेडकांच्या बाबतींत केलें, तें मनुष्याच्या बाबतींत १९७८ त इंग्लंडांत साधलें, त्याच वर्षीं कलकत्त्यासहि साधलें, आणि १९८६ च्या ऑगस्टांत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत अशा रीतीनें जन्मलेली मुलगी पाहण्यास वर्तमानपत्रकारांची गर्दी झाली.

डबक्यांतल्या त्या काळ्या ठिपक्यांविषयींची एक गोष्ट मात्र राहिली. बेडकाचें अंडें एका बाजूस काळें व दुसऱ्या बाजूस फिकट असतें. शुक्रजंतु काळ्या बाजूनेंच आंत शिरतो, आणि कांहीं क्षणांत अंड्याच्या त्वचेवरील विजेचा भार पालटून इतरांची वाट बंद होते. मग अंडें आपल्या आवरणांत हळूच फिरतें व काळी बाजू वर येते. फळलेल्या अंड्याची ही खूण साध्या डोळ्यांस दिसते. पुढच्या पावसाळ्यांत कोणा विद्यार्थ्यास तें पाहावयाचें असेल तर त्यानें पहांटेसच डबक्याकडे जावें, व पालकांनीं त्यास चिखलाबद्दल रागावूं नये. स्कांदियानोच्या चौकांत स्पालांझानीचा पुतळा उभा आहे. त्याच्या हातांत भिंग आहे, आणि तो अजून बेडकाकडेच पाहत आहे.